बंदूक परवानाधारकांनी हक्क संघटनेला पाठिंबा द्यावा का?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींच्या मनात आले असेल, की गणपतीच्या मांडवात बंदुकीचे काय काम? पण डोईफोडियात आणि आपल्या खकनार तहसिलीत हा विषय कोणाला परका नाही. एका अंगाला सातपुड्याचे डोंगर, पलीकडे धारणी आणि मेळघाटाचे जंगल, आणि मधल्या पट्टीत आपली केळी, कापूस, मका, तूर, हरभरा. रात्री रानडुकरांचा कळप मक्यात शिरला की सकाळी शेतात काय उरते, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना सांगावे लागत नाही. त्यामुळे काही घरांत आजोबांच्या नावाची ठासणीची बंदूक आहे, काही घरांत बारा बोअर आहे. बंदूक आहे म्हणजे परवाना आहे, आणि परवाना आहे म्हणजे नूतनीकरण, पोलीस चौकशी, निवडणुकीत ठाण्यात जमा करणे, हे सगळे आलेच.

अशा परवानाधारकांची बाजू मांडणाऱ्या संघटना आपल्या देशात आहेत. 'नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया' हे त्यातले ठळक नाव. सरकारला निवेदने देणे, खासदारांना भेटणे, कायद्याच्या मसुद्यावर हरकती नोंदवणे, न्यायालयात जाणे, हे अशा संघटनांचे काम. इंग्रजीत याला लॉबिंग म्हणतात, मराठीत आपण दबावगट म्हणतो. प्रश्न असा आहे की आपल्यासारख्या बंदूकवाल्यांनी अशा संघटनेचे सभासद व्हावे का? वर्गणी द्यावी का? तिच्या मागे उभे राहावे का?

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकणे सोपे जाईल. पाठिंबा द्यावा, पण अटींवर. परवान्याचा कायदा नीट चालावा म्हणून जी संघटना भांडते, तिला द्यावा. परवानाच नको, बंदूक हा माझा जन्मसिद्ध हक्क, असे जी म्हणते, तिला देऊ नये. हा फरक कुठून आला ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला शस्त्र बाळगायला परवाना लागेल आणि युरोपियनाला लागणार नाही, असा त्या कायद्याचा भेदभाव होता. त्याचा संताप सुशिक्षितांपासून खेड्यातल्या माणसापर्यंत सर्वांना होता. ज्या पिढीने १८९३ पासून पुण्या-मुंबईत गणपती रस्त्यावर आणून सार्वजनिक केला, त्याच पिढीला हा कायदा अपमान वाटत होता. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव केला. पुढे १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असावा, असे कलमच होते.

मग स्वातंत्र्य आले आणि घटना लिहायची वेळ आली. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली, की कराचीचे ते कलम मूलभूत हक्कांत घ्यावे. कामत हे आपल्या जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडातून समितीवर गेलेले, नंतर होशंगाबादचे खासदार झालेले गृहस्थ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती दुरुस्ती मान्य केली नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केले ते आपण गुलाम होतो म्हणून. ती परिस्थिती आता उरली नाही. प्रत्येकाने बाजारात जाऊन हवे ते हत्यार विनाअडथळा विकत घ्यावे, असे झाले तर राज्यकारभार चालवणेच अशक्य होईल. दुरुस्ती नामंजूर झाली.

म्हणून अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून जी दुसरी दुरुस्ती आहे, तिच्यासारखे काही आपल्या घटनेत नाही. आपल्याकडे बंदुकीचा मूलभूत हक्क नाही. पण म्हणून आपल्याला काहीच हक्क नाही असे समजणे हीदेखील चूक आहे, आणि ही चूक परवानाधारक फार करतात. कचेरीत गेले की हात जोडून उभे राहतात, जणू साहेबाने मेहेरबानी केली तरच काम होणार.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यात काय आहे ते पाहा. कलम १३ सांगते की स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंची नळीची साधी बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर अर्जदार अपात्र नसल्यास परवाना द्यायचा आहे. कलम १४ सांगते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. हे वाक्य लहान शेतकऱ्याने पाठ करून ठेवावे. नाकारले तर कारण लेखी नोंदवायचे असते, आणि सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर मागितल्यावर ते थोडक्यात द्यावे लागते. कलम १८ मध्ये अपिलाची सोय आहे. पोलिसांचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर त्याची आणखी वाट न पाहता अधिकाऱ्याला निर्णय घेता येतो, असेही कायद्यातच लिहिले आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी यात मुदती घातल्या. पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यापासून साठ दिवसांत निर्णय व्हावा. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे राहिले, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. म्हातारे वारल्यावर मुलांनी बंदूक घेऊन ठाण्याच्या चकरा मारण्यापेक्षा ही सोय किती बरी! पण आपल्यापैकी किती जणांना ती माहीत आहे?

तर हक्क कायद्यात आहेत. अडचण ते वापरण्याची आहे. एकटा परवानाधारक कचेरीत गेला की तो फक्त एक अर्ज असतो. शंभर परवानाधारक एका कागदावर सह्या करून गेले की तो प्रश्न होतो. संघटना लागते ती इथे.

संघटित बोलण्याने काय होते, याचे ताजे उदाहरण २०१९ चे आहे. त्याआधी एका परवान्यावर तीन शस्त्रे ठेवता येत. सरकारने दुरुस्ती विधेयक आणले, त्याच्या मूळ मसुद्यात तीनावरून थेट एक असे होते. बंदूकवाल्यांच्या संघटना, नेमबाज आणि काही लोकप्रतिनिधी यांनी हरकत घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा आकडा दोन झाला होता. त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. हे कोणा एकट्याच्या अर्जाने झाले नसते.

दुसरे उदाहरण कर्नाटकातल्या कोडगूचे. तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना काही शस्त्रांसाठी परवान्यातून सूट आहे. ही सवलत इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. तिला आव्हान दिले गेले, तेव्हा समाज एकजुटीने तिच्या बाजूने उभा राहिला. केंद्राने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली.

तिसरे उदाहरण आपल्या रोजच्या दुखण्याचे, निवडणुकीत बंदूक जमा करण्याचे. २०२३ च्या विधानसभेची आचारसंहिता ९ ऑक्टोबरला लागली आणि निकाल ३ डिसेंबरला लागला. म्हणजे पंचावन्न दिवस. हे दिवस कापूस वेचणीचे, तूर फुलण्याचे आणि हरभरा उगवण्याचे. पुढच्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली, आपल्या खंडवा मतदारसंघात १३ मे रोजी मतदान झाले आणि निकाल ४ जूनला. म्हणजे ऐंशी दिवस. ज्याची बंदूक दोन्ही वेळा पूर्ण काळ ठाण्यात राहिली, त्याने आठ महिन्यांत एकशे पस्तीस दिवस बिनबंदुकीचे काढले. रानडुकराला आचारसंहिता लागत नाही.

निवडणूक शांततेत व्हावी हे आपल्यालाही हवेच आहे. पण सगळ्यांच्याच बंदुका सरसकट जमा कराव्यात असा कायदा नाही. मुंबई उच्च न्यायालयासमोर २००९ मध्ये हा प्रश्न आला. त्या निर्णयाच्या आधारे निवडणूक आयोगाच्या सूचनांत छाननी समितीची पद्धत आहे. समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावा, ज्याच्यावर गुन्हे आहेत, जो जामिनावर आहे, ज्याने पूर्वी दंगा केला आहे, अशांची शस्त्रे जमा करून घ्यावीत. म्हणजे साध्या शेतकऱ्याला सूट मागायची वाट आहे. पण ती आचारसंहिता लागल्यावर धावपळीत मागून मिळत नाही. आधी, सगळ्यांनी मिळून, कागदपत्रांसह मागावी लागते. हे काम कोण करणार? पुन्हा संघटनाच.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग उद्याच वर्गणी भरू या. थोडे थांबा. आता दुसरी बाजू.

अमेरिकेतली नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ मध्ये स्थापन झाली. यादवी युद्धातून परतलेल्या अधिकाऱ्यांना दिसले होते की आपल्या शिपायांना नेम धरता येत नाही. म्हणून नेमबाजी शिकवायला ही संस्था निघाली. कित्येक दशके तिचे मुख्य काम तेच होते, आणि १९३० च्या दशकात बंदुकीवरच्या काही निर्बंधांना तिच्या पुढाऱ्यांनी मान्यताही दिली होती. १९७५ मध्ये तिने राजकीय कामासाठी स्वतंत्र शाखा काढली. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत कडव्या गटाने संस्था ताब्यात घेतली, आणि तिथून पुढे कोणत्याही निर्बंधाला विरोध हेच तिचे मुख्य काम होऊन बसले. शेवट काय झाला? संस्थेचा पैसा स्वतःच्या चैनीसाठी उधळल्याबद्दल तिच्या अनेक वर्षांच्या प्रमुखाला २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने जबाबदार धरले आणि सुमारे ४३ लाख डॉलर भरपाई ठरवली. तो पैसा सामान्य शिकाऱ्याच्या, शेतकऱ्याच्या वर्गणीचा होता.

यातून दोन धडे घ्यायचे. पहिला, हक्काच्या नावाने पैसा गोळा करणाऱ्या संस्थेचे हिशोब पाहिल्याशिवाय वर्गणी देऊ नये. दुसरा, भीतीवर चालणाऱ्या संस्थेला प्रश्न सुटलेला परवडत नाही. 'उद्या तुमची बंदूक काढून नेतील' असे ओरडत राहिल्याशिवाय तिची पावतीपुस्तके संपत नाहीत.

योगायोग पाहा, त्याच नावाची संस्था आपल्याकडेही आहे आणि तिचा मार्ग वेगळा आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती, आपले दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही भरते. ती दबावगट नाही, खेळाची संस्था आहे. तिच्या परंपरेतून काय उभे राहिले? आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूर खेड्याचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, हे दोघे अखिल शेरॉनबरोबर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत एका संघात उभे राहिले आणि ५० मीटर थ्री पोझिशनचे सांघिक सुवर्णपदक घेऊन आले. पुढे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नीलने ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. नेमबाजांना सवलती मिळतात, त्याबद्दल लोक कुरकुरत नाहीत. कारण त्यांची शिस्त सगळ्यांना दिसते.

आता आपल्या देशातल्या हक्क संघटनांना एक प्रश्न विचारायला हवा. तुम्ही भांडता ते कोणाच्या बंदुकीसाठी?

केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यात उत्तर प्रदेशचे सुमारे पावणेतेरा लाख, मध्य प्रदेशचे सुमारे २ लाख ४७ हजार आणि महाराष्ट्राचे ८४ हजार. या लाखो परवानाधारकांचे हित एकच आहे असे समजणे भाबडेपणाचे आहे. शहरातल्या हौशी माणसाला परदेशी पिस्तूल आयात करायचे असते, तिसरे शस्त्र ठेवायचे असते. सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून काढलेल्या 'निर्भीक' रिव्हॉल्वरची किंमतच सव्वा लाखाच्या घरात होती. आपल्या भागातल्या ठासणीवाल्याला यातले काहीही नको आहे. त्याला वेळेवर नूतनीकरण हवे, बंदूक जमा करताना पावती आणि परत घेताना गंज न लागलेली नळी हवी, आणि वारसाच्या नावावर सरळ नोंद हवी. दोन शस्त्रांची मर्यादा तीन झाली काय आणि एक झाली काय, ज्याच्याकडे एकच आहे त्याला काय फरक पडतो?

पैसा ज्याचा, संघटनेचा अजेंडा त्याचा. म्हणून लहान परवानाधारकाने मोठ्या संघटनेत मुकाट्याने वर्गणी भरून बसायचे नाही, आपली मागणी घेऊन जायचे.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याच खकनार भागातल्या पाचोरीचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत देशी पिस्तुलांसाठी छापून येते. दूरदूरच्या राज्यांचे पोलीस तपास करत इथे येतात. यात सगळ्या गावाला आणि सगळ्या शिकलीगर समाजाला दोष देणे अन्यायाचे होईल. हत्यारांना धार लावणे, ती घडवणे हा त्या समाजाचा पिढीजात धंदा होता. राजे गेले, फौजा गेल्या, धंदा बेकायदा झाला आणि हातातली कला तशीच राहिली. तिला दुसरे काम मिळाले पाहिजे हे खरेच. पण बेकायदा पिस्तुलाचा धंदा वाईट तो वाईटच, आणि त्याचा सर्वांत मोठा तोटा आपल्याला, म्हणजे परवानाधारकांना होतो. देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतांश शस्त्रे विनापरवान्याची असतात. तरी एक बार झाला की संशयाने पाहिले जाते ते परवानेवाल्याकडे, कारण त्याचे नाव, पत्ता आणि शस्त्राचा नंबर कचेरीत लिहिलेला असतो.

हक्क संघटना हाच मुद्दा नेहमी पुढे करतात, की गुन्हे बेकायदा शस्त्रांनी होतात, मग आम्हाला का छळता? मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. तो पूर्ण करायचा असेल तर त्याच संघटनेने बेकायदा शस्त्रांविरुद्ध तितक्याच जोराने बोलले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्र बनवण्याला आणि विकण्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. त्या कलमाचे स्वागत ज्या संघटनेने मोकळ्या मनाने केले, ती विश्वासाची.

तीच गोष्ट लग्नातल्या गोळीबाराची. वरातीत आनंदाच्या भरात हवेत बार काढायचा आणि खालच्या गर्दीतले कोणाचे तरी लेकरू जायचे, अशा बातम्या आपण वाचतो. आता यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. असे करणारा बहुतेकदा परवानाधारकच असतो, हे लाजेने मान्य करायला हवे. जी संघटना अशा माणसाचे सभासदत्व त्याच दिवशी रद्द करत नाही, तिला आपला एक रुपयाही मिळू नये.

शेतकऱ्यांनी आणखी एक नीट लक्षात घ्यावे. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. रानडुक्कर आणि नीलगाय दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारायचे असेल तर १९७२ च्या त्या कायद्याच्या कलम ११ खाली अधिकारी व्यक्तीची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर हवेत बार काढून कळप पळवणे एवढेच आपल्या हातात. नुकसान झाले तर पटवाऱ्याकडून पंचनामा करून राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ प्रमाणे भरपाई मागायची असते. बंदुकीची संघटना जर तुम्हाला सांगत असेल की बंदूक मिळाली की डुकरांचा प्रश्न सुटला, तर ती तुमची दिशाभूल करते. भरपाई वेळेवर मिळणे आणि कुंपणाला अनुदान मिळणे हेही बंदुकीइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्वाचे आहे.

आणि घरातली गोष्ट. बंदूक भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली आणि काडतुसे देव्हाऱ्याखालच्या डब्यात, हे चित्र आता बदलायला हवे. नव्या नियमांत परवाना मागताना हाताळणीचे प्रशिक्षण आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. कित्येकांना हे कटकटीचे वाटते. पण घरात लहान मुले आहेत, तरुण मुले आहेत, कोणाचे मन कधी खचेल सांगता येत नाही. त्या एका वाईट रात्री बंदूक कुलपात असली तर जीव वाचतो. माता-भगिनींनी हा आग्रह घरात धरावा. त्यासाठी कोणत्याही संघटनेची गरज नाही.

मग शेवटी करायचे काय? आम्ही पाच अटी सुचवतो. ज्या संघटनेला पाठिंबा द्यायचा ती नोंदणीकृत असावी आणि दरवर्षी तपासलेला हिशोब सभासदांपुढे ठेवणारी असावी. तिने परवाना पद्धत मान्य करून तिच्या सुधारणेसाठी भांडावे. पीक संरक्षणवाल्या लहान शेतकऱ्यांच्या मागण्या तिच्या यादीत लेखी असाव्यात. बेकायदा शस्त्रे आणि लग्नातला गोळीबार यांच्याविरुद्ध तिची भूमिका जाहीर असावी. आणि तिने कोणत्याही पक्षाच्या किंवा जातीधर्माच्या नावाने बंदुकीची भाषा करू नये. एकही अट मोडली तर पाठिंबा काढून घ्यावा. आमच्यापैकी जे सरकारी नोकरीत आहेत त्यांनी सेवानियमांची मर्यादा सांभाळावी. आंदोलनात उतरता येत नाही, पण नियम समजावून सांगायला आणि अर्ज नीट लिहून द्यायला कोणी अडवत नाही.

अशी संघटना मिळेपर्यंत थांबायचेही कारण नाही. आपल्या भागातल्या परवानाधारकांची एक यादी करू या. कोणाची मुदत कधी संपते, कोण सत्तरीच्या पुढे आहे, कोणाच्या शेताला जंगल लागून आहे, हे त्यात लिहू या. पुढची निवडणूक जाहीर होण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना एक सामूहिक निवेदन देऊ या, की गुन्ह्याची नोंद नसलेल्या पीक संरक्षणवाल्यांचा छाननी समितीने वेगळा विचार करावा, आणि ज्यांची शस्त्रे जमा होतील त्यांना पावती देऊन निकालानंतर लगेच ती परत मिळावीत. लोकसेवा हमीचा कायदा २०१० मध्ये देशात सर्वांत आधी आपल्या मध्य प्रदेशाने केला. मुदतीत काम मागणे हा इथे उद्धटपणा मानला जात नाही. ही लहान कामे जमली, की मोठ्या संघटनेशी बोलताना आपण हात पसरून जाणार नाही, आपली यादी घेऊन जाऊ.

समोर बसलेल्या बाप्पाच्या एका हातात परशू आहे आणि दुसऱ्या हातात अंकुश. शस्त्र बाळगणाऱ्याने अंकुशाला कमीपणा मानू नये, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. परवाना हा आपल्यावरचा अंकुश आहे. तो सरळ आणि सर्वांना सारखा असावा, यासाठी जरूर संघटित होऊ. तो मोडून टाकण्यासाठी मात्र आपले नाव आणि आपली वर्गणी कोणालाही देऊ नये.



गणपती बाप्पा मोरया!